खाण्याच्या विकारात घरच्यांचा आधारगट: सुरू कसा करायचा, टिकवायचा कसा

अनोरेक्सिया (जाडीच्या भीतीने खाणं तोडणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढणं) किंवा बिंज ईटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणं) असलेल्या पेशंटला मानसोपचारतज्ज्ञ बहुधा आठवड्यातून तासभर भेटतात, आहारतज्ज्ञ त्याहून कमी. उरलेला आठवडा घरच्यांच्या वाट्याला येतो. दिवसाची तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी धरली, तर आठवड्यात पस्तीस ते बेचाळीस वेळा कुणीतरी त्या ताटाजवळ बसायचं असतं. आधारगट असतो तो या बेचाळीस वेळांसाठी.

असा गट सुरू करू पाहणाऱ्या पालकांसाठी, बऱ्या झालेल्या माणसांसाठी, समुपदेशकांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. गटाने तीन गोष्टी करायच्या नाहीत, त्या आधीच सांगून ठेवतो: निदान करायचं नाही, आहाराचा तक्ता द्यायचा नाही आणि औषधांवर मत द्यायचं नाही. एवढं सोडलं तरी करण्यासारखं पुष्कळ उरतं.

१. गट कुणाचा, ते आधी ठरवा

पेशंट, आई-वडील, भावंडं, नवरा-बायको या सगळ्यांना एकाच खोलीत बसवावं असं सुरुवातीला प्रत्येकालाच वाटतं. तसं करू नका. पेशंट समोर असला की आई खरं बोलत नाही. खरं बोललीच, तर "मला आता जेवणाची वेळ झाली की तिची भीती वाटते" हे वाक्य मुलीच्या कानावर पडतं आणि घरी गेल्यावर त्याचं काय होतं ते निस्तरायला तुम्ही तिथे नसता.

नुसते पेशंट एकत्र आणले तर अडचण वेगळी. अनोरेक्सियात तुलना हा आजाराचाच भाग असतो. शेजारच्या खुर्चीतली मुलगी आपल्याहून बारीक दिसली की "म्हणजे मी अजून पुरेशी आजारी नाही" असा हिशोब मनात होतो आणि पुढच्या जेवणाला ताट मागे सरकतं. म्हणून सुरुवात घरच्यांच्या गटापासून करा. पेशंटच्या गटाबद्दल पुढे आठव्या टप्प्यात लिहिलं आहे.

सहा ते दहा माणसं असली की गट जमतो. चारच असली आणि एक जण आला नाही, तर बैठक चहापाण्याच्या गप्पांवर येते. बारांच्या वर गेली की प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटंही येत नाहीत, आणि जो सगळ्यात कोसळलेला असतो तोच गप्प राहतो.

निदानं वेगवेगळी असली तरी चालतं. नात्यातला अधिकार वेगळा असला की मात्र घोटाळा होतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या पालकांना ताटाचा ताबा घेता येतो, बहुतेक वेळा घ्यावाच लागतो. तीस वर्षांच्या बायकोच्या नवऱ्याने तेच केलं तर तो पहारेकरी होतो आणि संसार मोडकळीला येतो. एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला बाधतो. माणसं पुरेशी असतील तर दोन गट करा. नसतील तर बैठकीचा शेवटचा अर्धा तास दोन कोपऱ्यांत वेगळे बसा.

२. सूत्रधाराला पाठ असायला हव्यात अशा तीन उत्तरांची तयारी करा

पहिल्या दोन-तीन बैठकांत हे तीन प्रश्न हमखास येतात. त्या क्षणी पुस्तक उघडायला वेळ नसतो.

"आमचं काय चुकलं?" अनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास रूढ केलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही या आजाराचं वर्णन छापलं. शुश्रूषेला नातेवाईक आणि मित्र हे सहसा सगळ्यात वाईट, असं गल यांचं मत होतं. घरच्यांवरचा हा ठपका पुढे शंभर वर्षं पुसला गेला नाही. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधल्या मंडळींनी उलटी वाट धरली: किशोरवयीन पेशंटच्या जेवणाची सूत्रं आई-वडिलांच्याच हाती द्यायची. १९८७ मध्ये या पद्धतीचे तुलनात्मक निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि आज किशोरवयातल्या अनोरेक्सियासाठी कुटुंबाधारित उपचार हा पहिल्या पसंतीचा मार्ग मानला जातो. आजारामागे आनुवंशिकता, स्वभाव, डाएटिंग, आजूबाजूचा दबाव असं बरंच काही एकत्र आलेलं असतं. एकच गुन्हेगार शोधायला बसलं की हाती काही लागत नाही, फक्त नवरा-बायकोत भांडण लागतं.

"ती मुद्दाम करते का?" याला मिनेसोटा विद्यापीठातल्या उपासमारीच्या प्रयोगाइतकं चांगलं उत्तर नाही. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वखुशीने आलेल्या तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटातला घास चिवडत तासन्‌तास बसायला लागले. त्यांच्यापैकी कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. गटात हे सांगितलं की एखादी आई हमखास मान वर करते, कारण तिच्या घरातलं दृश्य तिने नुकतंच ऐकलेलं असतं. मेंदू उपाशी असेपर्यंत समजुतीच्या गोष्टी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आधी अन्न जातं, मग विचार सुधारतात.

"पण वजन तर ठीक आहे!" बुलिमियाचं पहिलं स्पष्ट वर्णन जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. या आजारात वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच असतं आणि रक्तातलं पोटॅशियम मात्र हृदयाची लय बिघडवण्याइतकं खाली गेलेलं असू शकतं. बिंज ईटिंगला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये. त्याच वेळी आर्फिड हे नावही आलं. यात पेशंट फार थोडं किंवा मोजकेच पदार्थ खातो, पण त्यामागे जाडीची भीती नसते. घास अडकेल, उलटी होईल, चव-पोत सहन होत नाही अशी कारणं असतात. अशा मुलाला "तू काही जाड नाहीस" सांगून काही होत नाही, तो प्रश्नच त्याचा नाही. आणि हो, मुलगेही या सगळ्यात येतात. ते उशिरा सापडतात, कारण तासन्‌तास व्यायाम करणाऱ्या मुलाचं कौतुक होत असतं.

३. माणसं, खोली आणि कागद जमवा

माणसं:
- दोन सूत्रधार. एकटा कधीही नको. कुणी रडत बाहेर गेलं तर एकाने मागे जायचं, दुसऱ्याने गट सांभाळायचा.
- एक मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, बैठकीला नसले तरी फोनवर मिळणारे. यांच्याशी आधी बोलून ठेवा. रात्री दहाला अनोळखी डॉक्टरला फोन लावणं कुणालाही जमत नाही.

खोली: दार बंद होणारी, बाहेर पाटी नसलेली. खुर्च्या गोलात. भिंतीवर घड्याळ हवं, वजनकाटा आणि आहाराचे तक्ते नकोत. व्यायामशाळेची किंवा वजन कमी करण्याच्या क्लासची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका.

कागद:
- नियमांचं एक पान, ठळक अक्षरांत
- हजेरीची वही, फक्त पहिलं नाव आणि तातडीच्या वेळी लावायचा नंबर
- गुप्ततेच्या संमतीचा कागद, सही घेऊन
- धोक्याच्या लक्षणांची यादी (पुढच्या टप्प्यात दिली आहे)
- जवळचं चोवीस तास चालणारं हॉस्पिटल, मनोविकार विभाग आणि आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन यांचे नंबर, दर तीन महिन्यांनी स्वतः फोन लावून तपासलेले

गटात वाटलेला प्रत्येक कागद पेशंटच्या हाती पडणार, हे धरूनच लिहा. तो आईच्या पर्समध्ये, गाडीच्या खणात, उशीखाली सापडतोच. "पेशंट अन्न कुठे लपवतात" असली यादी म्हणूनच कधी छापायची नाही. तुम्ही सावध करायला लिहिलेलं पान दुसऱ्या हातात गेलं की शिकवणी होते.

४. पहिल्या फोनवर सहा प्रश्न विचारा

कुणालाही थेट बैठकीत बोलावू नका. आधी पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोला.

पेशंटचं वय काय? डॉक्टरांनी तपासलंय का, शेवटचं कधी? गेल्या आठवड्यात चक्कर, बेशुद्धी, छातीत धडधड झाली का? उलट्या होतात का, किंवा मुद्दाम केल्या जातात असं वाटतं का? जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं झालंय का? घरात जेवणाच्या वेळी कोण कोण असतं?

पाचवा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. तरी थेट विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवी कल्पना शिरत नाही, आणि अनोरेक्सियातले बरेच मृत्यू उपासमारीने नाही तर आत्महत्येने होतात.

खालीलपैकी काहीही असेल तर गटाचं आमंत्रण नंतर, आधी हॉस्पिटल:
- बेशुद्ध पडणं, किंवा उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणं
- छातीत दुखणं, धडधड, श्वास लागणं
- जागेपणी, शांत बसलेलं असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली
- उलटीत रक्त
- दिवसभरात पाणीसुद्धा पोटात न जाणं, किंवा काही दिवस जवळजवळ काहीच न खाणं
- बोलण्यात गोंधळ, अंगावर अचानक सूज
- टाइप १ डायबेटिस असताना इन्सुलिन टाळलं जात असल्याची शंका
- आत्महत्येचा विचार किंवा स्वतःला इजा

हॉस्पिटलात काय मागायचं तेही सांगा, कारण तपासणारा प्रत्येक डॉक्टर या आजाराशी परिचित असेलच असं नाही. ईसीजी, आडवं आणि उभं अशा दोन्ही स्थितींत रक्तदाब आणि नाडी, आणि रक्तात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट. फॉस्फेटचं नाव घेऊन सांगावं लागतं, नेहमीच्या तपासणीत ते बरेचदा नसतं. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे धोका टळला असं समजू नका. शरीर फार उशिरापर्यंत आकडे सांभाळून ठेवतं.

५. नियम: सहाच, पण वाकणारे नकोत

१) आकडे नाहीत. वजन, कॅलरी, कपड्यांचा साइज, किती तास व्यायाम, किती दिवस उपाशी, काहीच नाही.
२) युक्त्या नाहीत. पेशंट काय काय करतो याचा तपशील नाही, त्याचा परिणाम सांगा.
३) इथलं इथेच. घरी जाऊन पेशंटला "त्यांच्या मुलीपेक्षा तू बरी" असंही नाही.
४) सल्ला मागितल्यावरच.
५) औषध, डॉक्टर, हॉस्पिटल यांची निंदा-स्तुती नाही. नावं घ्यायची तर बैठकीनंतर, सूत्रधाराजवळ.
६) फोन बंद. जेवणाजवळ बसलेल्या माणसाचा फोन येण्याची शक्यता असेल तर आधी सांगून बाहेर बसायचं.

पहिला नियम दर बैठकीत मोडतो. त्याला रागवायचं नसतं. आईच्या डोक्यात महिनोन्‌महिने तोच आकडा फिरत असतो, तो तोंडातून निसटणारच. अर्ध्या वाक्यावर हात वर करा आणि शांतपणे म्हणा, "आकडा नको. तो बघून तुमचं काय झालं, ते सांगा." नव्वद टक्के वेळा पुढे जे येतं, तेच सांगायला ती आलेली असते.

६. पहिली बैठक: नव्वद मिनिटांची वाटणी

०–१० मिनिटं: नियम वाचून दाखवा. वाटून चालत नाही, वाचावेच लागतात.

१०–३५: प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: नाव, पेशंटशी नातं, आणि आजची जेवणाची वेळ कशी गेली. "सगळी हकीकत सांगा" म्हणालात तर पहिला माणूस पाऊण तास घेईल. एका जेवणापुरतं बोलायला सांगितलं की तपशील येतो आणि वेळही सांभाळला जातो.

३५–५५: एकच विषय. पहिल्या वेळी मिनेसोटाचा प्रयोग घ्या, दुसऱ्या वेळी आजार आणि माणूस वेगळे बघणं. "तू खोटं बोलतेस" ऐवजी "आजार तुला हे बोलायला लावतोय" असं म्हणायचा सराव. पालकांना सुरुवातीला हे नाटकी वाटतं. तोंडाला बसायला दोन-तीन आठवडे लागतात.

५५–८०: ताटाचा सराव (पुढचा टप्पा).

८०–९०: प्रत्येकाने येत्या आठवड्यात बदलायची एकच गोष्ट सांगायची, तीही लहान. "रात्रीच्या जेवणाला मी फोन बाजूला ठेवीन" चालेल. "मी आता चिडणार नाही" चालणार नाही, ते कुणालाच पाळता येत नाही.

बैठक दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. आठवड्याला ठेवली तर आधीच दमलेली माणसं गळतात. महिन्याला ठेवली तर मधल्या काळात घरात जे घडतं ते शिळं होऊन जातं.

७. ताटाचा सराव, म्हणजे गटाचं खरं काम

सुरुवातीलाच एक ताकीद मोठ्याने द्या. जो पेशंट बरेच दिवस फार कमी खात होता, त्याचं खाणं घरच्यांनी आपल्या मनाने एकदम वाढवायचं नाही. दीर्घ उपासमारीनंतर अन्न अचानक वाढलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरू शकतं आणि हृदय, श्वास, मेंदू अडचणीत येतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. गट शिकवतो ते ठरलेलं ताट पोटात जाईपर्यंत शेजारी कसं बसायचं, एवढंच.

सरावाला दोन खुर्च्या, एक टेबल, रिकामं ताट. एक जण पालक, दुसरा आजार. आजाराची भूमिका दुसऱ्या घरातल्या पालकाला द्या. त्याला सगळे संवाद तोंडपाठ असतात: हे जास्त आहे, काल डॉक्टर म्हणाले होते, मी नंतर खाईन, तुला मला जाड करायचंय. पाच मिनिटं होऊ द्या आणि थांबवा. मग खुर्च्या बदला.

सरावात या गोष्टी बसवून घ्या:

ताट किती, ते जेवणाआधी मोठ्यांनी आपसात ठरवायचं. टेबलावर वाटाघाटी सुरू झाल्या की आजार जिंकतो, कारण त्याला थकवा येत नाही. आई आणि वडील यांचं एकमत नसेल तर ते भांडण स्वयंपाकघरात, दार लावून.

समोर बसू नका, शेजारी किंवा काटकोनात बसा. समोरून घासाघासावर नजर गेली की परीक्षा चालू असल्यासारखं होतं. आपणही जेवा. पेशंटला वाढून स्वतः "मला भूक नाही" म्हणणारी आई घराघरात सापडते, आणि पेशंटच्या नजरेतून ते सुटत नाही.

वाक्यं छोटी, तीच तीच. "पुढचा घास." "अवघड आहे, दिसतंय मला. मी इथेच आहे." "हा आजार बोलतोय, मी तुझ्याशी बोलतेय." वाद घालू नका, पोषणाचं व्याख्यान देऊ नका. भीतीच्या भरात असलेल्या माणसाला तर्क ऐकू जात नाही. बाकी वेळ भलत्याच विषयांवर गप्पा: कुत्रं, क्रिकेट, शेजारची भांडणं.

वेळेची हद्द ठेवा. जेवणाला साधारण अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं धरून चाला, उपचार करणाऱ्यांनी वेगळं सांगितलं नसेल तर. ताट राहिलंच तर पुढे काय करायचं हे आहारतज्ज्ञांकडून आधी विचारून ठेवलेलं असावं. ऐन वेळी सुचलेली शिक्षा नको, आणि राहिलेलं पुढच्या जेवणात दुप्पट करून वाढणंही नको.

जेवण संपल्यावर काम संपत नाही. पुढचा अर्धा ते एक तास पेशंट एकटा राहू नये, विशेषतः उलटीचा प्रश्न असेल तर. पाळत ठेवतोय असं वाटू नये म्हणून त्या तासाला काहीतरी ठरलेलं असावं: पत्ते, मालिका, कोडी. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू देऊ नका, आम्लाने मऊ पडलेल्या दातांचा थर आणखी झिजतो. साध्या पाण्याने चूळ पुरे.

बिंज ईटिंगच्या घरचं चित्र उलटं असतं आणि तिथे हा पहारा चालत नाही. तिथे मधल्या लांब उपासाला आळा घालायचा असतो, कारण दिवसभर "आज कमी खायचं" ठरवलेला माणूस रात्री कोसळतो. दर तीन-चार तासांनी नियमित खाणं, आणि बिंज झाल्यावर पुढचं जेवण न चुकवणं. घरच्यांनी डब्यांना कुलपं लावली तर लाज वाढते आणि खाणं लपून होतं.

कौतुकाची वाक्यं वेगळी बसवून घ्यावी लागतात. "आज छान जेवलीस" याचा कानात अर्थ होतो, जास्त खाल्लं. "चेहरा भरलाय" आणि "जरा अंग धरलंयस" ही तर पाहुण्यांची लाडकी वाक्यं, आणि त्यांनी महिन्याची मेहनत पाण्यात जाऊ शकते. शरीराबद्दल बोलूच नका. "आज बराच वेळ हसत होतीस" असं काही दिसलं तर ते सांगा. पाहुणे, आजी-आजोबा, शिक्षक यांना आधी फोन करून एकच वाक्य द्या: "तिच्या तब्येतीबद्दल चांगलं-वाईट काही बोलू नका."

दमलेल्या गटाला हलकं करायला प्राणी उपयोगी पडतात. लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ जेनेट ट्रेझर आणि त्यांचे सहकारी घरच्यांना शिकवताना प्राण्यांची रूपकं वापरतात. कांगारू पिल्लाला पिशवीतून बाहेर पडूच देत नाही. गेंडा धडक देतो. शहामृग वाळूत डोकं खुपसतो. जेलीफिश भावनेत विरघळते. हवा असतो तो डॉल्फिन, कधी पुढे, कधी शेजारी, कधी मागे पोहणारा. "या आठवड्यात तुम्ही कोण होतात?" असं विचारलं की नवरा बायकोकडे बोट दाखवतो, बायको त्याला गेंडा म्हणते, सगळे हसतात, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

८. पेशंटचा गट: सहा महिन्यांनी, अटींवर

घरच्यांचा गट रुळला की हा विचार करा. अटी: प्रत्येकाचे उपचार चालू असावेत आणि उपचार करणाऱ्यांना गटाची माहिती असावी, खोलीत एक प्रशिक्षित तज्ज्ञ कायम असावा, बैठक तासाभराची आणि जेवणाच्या वेळेला खेटून नसावी. प्रकृती ढासळत असलेल्या सभासदाला काही काळ थांबवण्याचा अधिकार तज्ज्ञाकडे, आणि हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलेलं असावं. ऐन वेळी थांबवलं तर ती शिक्षा वाटते.

बरं झालेल्या माणसाला बोलवायचं असेल तर बरं होऊन किमान दोन वर्षं झालेलं बोलवा आणि भाषण आधी ऐका. आधीचे-नंतरचे फोटो नकोत, सगळ्यात कमी वजन नको, "मी काय काय करायचे" नको. काय जमलं आणि कुणी कशी मदत केली, एवढ्यावर वीस मिनिटं भरपूर होतात.

९. व्हॉट्सॲप ग्रुप

काढायचाच असेल तर फक्त घरच्यांचा. रात्री दहा ते सकाळी सात बंद, ॲडमिनशिवाय कुणाला लिहिता येऊ नये असं सेटिंग करून. नाव साधं ठेवा, ग्रुपच्या नावात आजाराचा उल्लेख नको, कारण फोन टेबलावर उजेडतो. फोटो, डाएटच्या लिंका, रिपोर्टचे स्क्रीनशॉट बंद. सगळ्यात वर पिन करून एक ओळ: "तातडीची मदत इथे मिळत नाही", आणि खाली हॉस्पिटल व हेल्पलाइनचे नंबर. ही ओळ नसली की कधीतरी कुणीतरी ग्रुपवर "ती बेशुद्ध आहे" लिहितं आणि उत्तराची वाट बघत बसतं.

१०. कुठे कुठे बिघडतं

एकच घर सगळा वेळ खातं. त्यांची परिस्थिती खरोखर वाईट असते, म्हणून कुणी अडवत नाही, आणि तीन बैठकांत बाकीचे गळतात. अशा घराला बैठकीआधी वेगळी वीस मिनिटं द्या आणि गटात इतरांइतकीच.

आई एकटी येते. वडील "कामात" असतात. दोन बैठकांनंतर वडिलांना सूत्रधाराने स्वतः फोन करावा, जमलं तर दुसऱ्या वडिलांकरवी. एकाच पालकाने गटात शिकलेलं दुसरा पालक पहिल्याच जेवणाला मोडून काढतो, तेही प्रेमापोटी.

भावंडं विसरली जातात. त्यांच्या वाट्याला शांत राहण्याचं काम आलेलं असतं. वर्षातून तीन-चार बैठका फक्त त्यांच्यासाठी ठेवा.

चमत्काराची गोष्ट येते. कुणाच्या तरी भाचीला अमुक एका बाबाने, अमुक एका पावडरने पंधरा दिवसांत बरं केलं. खोडून काढत बसू नका, नियम क्रमांक पाच दाखवा आणि पुढे चला. पण कुणी उपचार थांबवायला निघालं असेल तर बैठकीनंतर थांबवून बोला.

सुधारणा झाली की घर येणं बंद करतं. हा आजार उलटू शकतो, आणि परीक्षा, नवं शहर, प्रेमभंग, बाळंतपण अशा वळणांवर डोकं वर काढतो. वजन पूर्ववत झालं तरी मनातली भीती जायला अजून बरेच महिने लागतात. निरोप घेणाऱ्या घराकडून एक कागद लिहून घ्या: आमच्या घरी आजार परततोय याची पहिली तीन चिन्हं कोणती, आणि दिसली तर कुणाला फोन करायचा. एकटं जेवायला लागणं, दार लावून व्यायाम, सैल कपडे, अशी प्रत्येक घराची यादी वेगळी असते. ती घरच्यांनाच ठाऊक असते, म्हणून ती त्यांच्याच अक्षरात हवी. प्रत हजेरीच्या वहीत ठेवा.

सूत्रधार दमतो. तो सांगत नाही. बैठकीआधी पोटात गोळा येणं, सभासदांचे फोन टाळणं, घरी जेवताना इतरांची ताटं मोजणं, ही दमल्याची चिन्हं. दोघांनी दर बैठकीनंतर पंधरा मिनिटं आपसात बोलावं, महिन्यातून एकदा तज्ज्ञासोबत. ज्याच्या घरचा पेशंट सध्या कठीण अवस्थेत आहे, त्याने त्या काळात सूत्रधार राहू नये, साध्या खुर्चीत बसावं.

पहिल्या वर्षाच्या आतच तिसरा सूत्रधार तयार करायला घ्या. तीन महिने त्याने फक्त घड्याळ आणि वही सांभाळावी, पुढचे तीन महिने ताटाचा सराव घ्यावा, मग सुरुवातीचे नियम वाचावेत. किल्ली, वही, डॉक्टरांचा नंबर आणि नियमांचं पान एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुणाच्या घरी आहे हे तिघांनाही माहीत असू द्या.